जुने मिनी पोकलेन : नवा रंग आणि न दिसणारा इतिहास

बंगळुरूच्या पूर्वेकडील मारतहळ्ळी हे मूळचे खेडे. आज ते आउटर रिंग रोडवरील गजबजलेले उपनगर आहे. सदनिकांची संकुले, संगणक कंपन्यांची कार्यालये, सांडपाण्याचे नळ, दूरसंचाराच्या वाहिन्या आणि आता मेट्रो, अशी खोदाईची कामे तेथे एकामागून एक निघत असतात. सिल्क बोर्डपासून कृष्णराजपुरमपर्यंत आणि तेथून विमानतळापर्यंत जाणारा ५८.१९ किलोमीटरचा मेट्रोमार्ग केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२१ मध्ये मंजूर केला. तो मारतहळ्ळीवरूनच जातो. मोठे पोकलेन जेथे वळू शकत नाही अशा गल्लीबोळांत, कुंपणालगत आणि इमारतींच्या आवारांत दीड ते सहा टन वजनाची छोटी यंत्रे उपयोगी पडतात. ठेकेदाराचे काम संपले किंवा कर्जाचे हप्ते थकले, की अशी यंत्रे विक्रीस निघतात.

बंगळुरूत ट्रेलरवर चढवलेले यंत्र राष्ट्रीय महामार्ग ४८ ने हुबळी-धारवाड ओलांडून दुसऱ्या दिवशी बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरच्या शिवारात उतरू शकते. प्रगतिशील शेतकऱ्याला त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. द्राक्षाच्या नऊ फुटी ओळींत शिरणारे, ठिबकच्या मुख्य नळीसाठी चर घेणारे, फळझाडांचे खड्डे काढणारे आणि बांध सरळ करणारे हे यंत्र मजुरांच्या टंचाईत वरदान वाटते. नव्याची किंमत झेपत नाही, म्हणून नजर जुन्याकडे वळते. जुना ट्रॅक्टर पारखण्याची विद्या तर गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेच. तीच येथे चालेल असा समज असतो. परंतु ट्रॅक्टरची पारख मिनी पोकलेनला पुरत नाही. ट्रॅक्टरला पुस्तक असते, याला बहुधा नसते. आणि हे यंत्र किती तास चालले यापेक्षा कशावर चालले, यावर त्याची झीज अधिक अवलंबून असते.

प्रथम पुस्तकाचा विचार. ट्रॅक्टर घेताना शेतकरी आरटीओचे नोंदणी पुस्तक पाहतो. त्यात मालकाचे नाव, इंजिन व चासीचा क्रमांक, उत्पादनाचे वर्ष आणि बँकेच्या बोज्याची नोंद असते. चाकांवर चालणाऱ्या, रस्त्यावर स्वतःहून जाणाऱ्या बॅकहो लोडरलाही, ज्याला गावात सरसकट जेसीबी म्हणतात, अशी नोंदणी असते. पट्ट्यांवर चालणारे मिनी पोकलेन मात्र ट्रेलरवरूनच हलवले जाते आणि सर्वसाधारणपणे आरटीओकडे नोंदवले जात नाही. त्यामुळे त्याला नंबरप्लेट नाही, मालकी हस्तांतराची नोंद नाही, आणि बोजा उतरल्याचा शिक्काही नाही. ट्रॅक्टरच्या व्यवहारात शासनाचे कार्यालय जे काम करते, ते येथे खरेदीदारालाच करावे लागते. या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होणारे नुकसान इंजिनाच्या बिघाडापेक्षा मोठे असू शकते. कारण बिघडलेले इंजिन दुरुस्त होते, पण दुसऱ्याच्या तारणातील यंत्र वित्तसंस्थेने उचलून नेले तर दिलेले पैसे आणि यंत्र दोन्ही हातचे जातात.

वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ मागचे तत्त्व असे, की विकणाऱ्याकडे जो हक्क नाही तो घेणाऱ्याला सामान्यतः मिळत नाही. म्हणून मालकीचा पुरावा म्हणजे पहिल्या विक्रीचे मूळ बीजक आणि त्यानंतरच्या प्रत्येक हस्तांतराचे बीजक, अशी अखंड साखळी. मधली एखादी कडी तुटलेली असेल आणि विक्रेता शंभर रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र देऊ करत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. प्रतिज्ञापत्राने मालकी निर्माण होत नाही. यंत्र कर्जावर घेतलेले असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र हवे. ते विक्रेत्याच्या भ्रमणध्वनीवर पाहून भागत नाही, त्या संस्थेच्या शाखेकडून त्याची खातरजमा करावी. सेरसाई या केंद्रीय नोंदवहीत तारणाच्या नोंदींचा शोध शुल्क भरून घेता येतो, तोही घ्यावा. मात्र तेथे नोंद आढळली नाही म्हणून कर्जच नाही, असे समजू नये. आंतरराज्य वाहतुकीसाठी पन्नास हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते. ते काढायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर त्याच्या कागदांविषयी शंका घेण्यास ते कारण पुरेसे आहे.

यंत्राची स्वतःची ओळख म्हणजे त्याच्यावरील उत्पादन क्रमांकाची पट्टी. माती खोदणाऱ्या यंत्रांसाठी आयएसओ १०२६१ या मानकाने सतरा अक्षरांच्या क्रमांकाची पद्धत घालून दिली आहे. पट्टीवरील क्रमांक, सांगाड्यावर कोरलेला क्रमांक आणि बीजकावरील क्रमांक एक असले पाहिजेत. इंजिनाचा क्रमांकही ताडून पाहावा. पट्टीचे रिव्हेट बदललेले दिसणे, पट्टी चिकटवलेली असणे किंवा कोरलेल्या जागी जाड रंगाचा थर असणे, ही चिन्हे गंभीर आहेत. हाच क्रमांक उत्पादकाच्या अधिकृत विक्रेत्याकडे पाठवला, तर दोन गोष्टी कळतात : सर्व्हिसचा इतिहास आणि सुटे भाग मिळण्याची शक्यता. अलीकडच्या अनेक यंत्रांत कामाचे तास व ठिकाण कळवणारी दूरसंपर्क यंत्रणा असते. जेसीबीची लाइव्हलिंक हे त्याचे परिचित उदाहरण. मालकाच्या संमतीने तो तपशील मिळू शकतो. संमती द्यायला मालक तयार नसेल, तर किमतीची बोलणी करण्यापूर्वी त्याचे कारण विचारावे.

परदेशात, विशेषतः जपानमध्ये वापरून झालेली यंत्रेही बाजारात असतात. त्यांपैकी काही उत्तम असतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांच्या सूचनापट्ट्या जपानी लिपीत असतात, त्या बाजारासाठी बनवलेल्या मॉडेलचे भाग येथील मॉडेलशी जुळतीलच असे नाही, आणि येथील विक्रेता तो क्रमांक ओळखेलच याची खात्री नसते. अशा यंत्रासोबत सीमाशुल्काचे बिल ऑफ एंट्री असलेच पाहिजे. ऐन हंगामात एका सीलसाठी पंधरा दिवस थांबावे लागले, तर स्वस्त खरेदीचा लाभ तेथेच संपतो.

आता यंत्राच्या आयुष्याकडे वळू. डॅशबोर्डवरील तासांचा आकडा हा बहुतेक खरेदीदारांचा पहिला आणि कधी कधी शेवटचा प्रश्न असतो. तो मीटर बदलता येतो, तोडता येतो, महिनोन्‌महिने बंद ठेवता येतो. शिवाय आकडा खरा असला तरी तो अर्धीच गोष्ट सांगतो. मऊ मातीत चर खणणारे दोन हजार तास आणि खडक फोडणारे दोन हजार तास यांची तुलनाच होऊ शकत नाही. बंगळुरूच्या परिसरात वरची लाल माती संपली, की खाली ग्नाइस जातीचा कठीण खडक लागतो. शिवाय जुने काँक्रीट आणि डांबर फोडणे हे शहरी खोदाईचे नित्याचे काम. त्यासाठी बकेट काढून ब्रेकर लावला जातो. ब्रेकरच्या प्रत्येक ठोक्याचा हादरा पिना, बुश, आर्म आणि बूमच्या जोडांपर्यंत जातो, तेल तापते आणि धूळ व धातूचे कण तेलात शिरण्याची शक्यता वाढते. ब्रेकर लावणे हा दोष नव्हे, यंत्र त्यासाठीही बनलेले असते. मात्र त्याची किंमत ठरवताना ही वस्तुस्थिती मोजली गेली पाहिजे. विक्रेता 'फक्त माती खोदली आहे' असे सांगत असेल आणि आर्मवरील ब्रेकरच्या नळीचे क्लॅम्प घासून चकचकीत झालेले असतील, तर क्लॅम्पवर विश्वास ठेवावा.

पाण्याची गोष्ट याहून फसवी आहे. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यातील अतिवृष्टीत आउटर रिंग रोड, बेळ्ळंदूर आणि मारतहळ्ळीचा परिसर जलमय झाला होता. घरांच्या आवारांतील मोटारी बुडाल्याची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. त्यानंतर राजकालुवे, म्हणजे पावसाळी पाण्याचे मोठे नाले, मोकळे करण्याची मोहीम निघाली. पुरात उभ्या राहिलेल्या किंवा सांडपाण्याच्या नाल्यात काम केलेल्या यंत्राचे बाह्यरूप धुऊन, रंगवून आठवड्यात नवे करता येते. पाणी मात्र वायरिंगच्या जोडांत, स्टार्टर आणि अल्टरनेटरमध्ये, आणि वरचा भाग ज्यावर फिरतो त्या स्लू रिंगच्या ग्रीसमध्ये शिरलेले असते. आसनाखालील बोल्टचा गंज, झाकणांच्या आतील बाजूस सुकलेल्या चिखलाची रेघ, विद्युत जोडांवरील पांढरट-हिरवी भुकटी आणि स्लू रिंगमधून बाहेर येणारे तांबूस ग्रीस ही त्याची साक्ष. रंग या जागी पोहोचत नाही. म्हणून पाहणी करणाऱ्याने विजेरी आणि पाना घेऊन जावे, आणि झाकणे उघडू द्यावीत अशी अट आधीच घालावी.

प्रत्यक्ष चाचणीत इंजिन सुरुवातीला पूर्ण थंड असावे आणि चाचणी संपताना हायड्रॉलिक तेल पूर्ण तापलेले असावे. बाजारात नेमके याच्या उलट घडते. ग्राहक पोहोचण्यापूर्वी इंजिन चालवून गरम केलेले असते, आणि यंत्र पाच-सात मिनिटे हलवून दाखवून बंद केले जाते. थंड इंजिन सुरू होण्यास किती वेळ घेते, निळसर धूर निघतो का, तेलाचे झाकण उघडल्यावर वाफेचा जोर किती आहे, हे गरम इंजिनात नीट कळत नाही. आणि झिजलेला पंप थंड, घट्ट तेलावर समाधानकारक दाब देतो. तासाभराने तेल पातळ झाले, की बूम मंदावते, दोन क्रिया एकत्र करताना यंत्र अडखळते. म्हणून सकाळी बॉनेटला हात लावून पाहावे आणि नंतर निदान तासभर खरोखरची खोदाई करून घ्यावी. डिझेल ग्राहकाने भरावे. तो खर्च वाया जात नाही.

खोदाई चालू असताना आणि संपल्यावर आणखी काही गोष्टी पाहता येतात. भरलेली बकेट उंच धरून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटांत ती किती खाली येते ते बाजूला उभे राहून मोजावे. त्या वेळी बूमखाली कोणीही जाऊ नये. बकेट जमिनीवर टेकवून हलका दाब दिला, की पिना-बुशमधील ढिलाई डोळ्यांना दिसते. छोट्या यंत्रांत बूम स्वतंत्रपणे डावी-उजवीकडे वळते. तिचा पुढचा खांब आणि त्याची उभी पिन ही सर्वाधिक दुर्लक्षित जागा. या खांबात खेळ असेल, तर सरळ चर निघत नाही आणि दुरुस्तीसाठी बराच भाग खोलावा लागतो. दोन्ही लिव्हर सारखे दाबून सपाट जागेवर पन्नास मीटर चालवल्यास यंत्र एका बाजूस ओढते का, ते पाहावे. ओढत असेल, तर पट्ट्यांचा ताण सारखा करून पुन्हा चालवावे. तरीही ओढले, तर चालन-मोटार किंवा पंपाकडे संशय जातो. रबरी पट्ट्यातून लोखंडी तारा दिसू लागल्या असतील किंवा स्प्रॉकेटचे दाते टोकदार होऊन एका बाजूस झुकले असतील, तर ती रक्कम किमतीतून वजा झाली पाहिजे. आर्म आणि बूमवरील वेल्डिंगचे नवे थर, विशेषतः जोडांच्या जवळ, रंगाखालूनही बोटांना लागतात. हायड्रॉलिक तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो. यंत्राच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य असतो, तरी तसे क्वचितच केले जाते.

यंत्र निर्दोष निघाले तरी ते दख्खनच्या जमिनीत कसे वागेल, हा वेगळा प्रश्न उरतो. ओली काळी माती पट्ट्यांच्या रोलरमध्ये घट्ट बसते आणि रोज साफ न केल्यास रोलर फिरायचे थांबतात. बेसाल्टचे धारदार दगड रबरी पट्टा कापतात. वळताना एका जागी पट्टा घासून यंत्र फिरवण्याची सवय असलेला चालक असेल, तर नवा पट्टाही एका हंगामात हातचा जातो.

तथापि सर्वांत मोठी चूक यंत्र निवडण्यात नव्हे, गरज मोजण्यात होते. समजा, चार हेक्टरांवर दहा बाय दहा मीटर अंतराने आंबा लावायचा आहे. हेक्टरी शंभर, म्हणजे एकूण चारशे खड्डे. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे ताशी आठ निघाले, तर काम पन्नास तासांचे. तीस सेंटिमीटर रुंद व साठ सेंटिमीटर खोल असा एक किलोमीटर चर म्हणजे १८० घनमीटर माती. ताशी पंधरा घनमीटर धरल्यास बारा तास. बांधबंदिस्ती व किरकोळ कामे मिळवली तरी आकडा वर्षाला शंभर तासांच्या आसपास थांबतो. शिवाय आंब्याची लागवड दरवर्षी होत नाही. शेततळ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तीस बाय तीस बाय तीन मीटरच्या, एकास एक उताराच्या शेततळ्याची खोदाई २,१९६ घनमीटर भरते. ताशी पंधरा घनमीटरच्या वेगाने छोट्या यंत्राला त्यासाठी सुमारे १४६ तास, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे अठरा दिवस लागतील. त्यातही त्याचा हात आखूड असल्याने तीच माती दोनदा हलवावी लागेल. वीस टनी पोकलेन भाड्याने आणल्यास हे काम थोड्याच दिवसांत उरकते. शेततळ्यासाठी म्हणून मिनी पोकलेन घेणारा शेतकरी मुळातच चुकीचे यंत्र घेत असतो.

आता खर्च पाहू. यंत्र बारा लाखांना मिळाले असे धरू. बारा टक्के व्याज म्हणजे वर्षाला १,४४,००० रुपये. दहा टक्के घसारा १,२०,००० रुपये. दुरुस्ती, पट्टे आणि विमा मिळून एक लाख. एकूण ३,६४,००० रुपये. वर्षाला शंभर तास काम असेल, तर डिझेल आणि चालकाचा पगार सोडूनच तासाला ३,६४० रुपये पडतात. सहाशे तास काम मिळाले, तर हाच आकडा सुमारे ६०७ रुपयांवर येतो. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत; प्रत्येकाने आपल्या तालुक्यातील भाड्याचा दर आणि आपल्या बँकेचा व्याजदर घालून तो पुन्हा मांडावा. बहुतेक वैयक्तिक शेतकऱ्यांच्या बाबतीत उत्तर भाड्याच्या बाजूने झुकेल. शेतकरी उत्पादक कंपनी, अवजार बँक किंवा शेजारच्या दहा-बारा बागाइतदारांचा गट यांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे वर्षभराचे काम, जबाबदार चालक आणि यंत्र हलवायला ट्रेलर असेल, तर पारखून घेतलेले जुने यंत्रही फायद्याचे ठरते. 'इतरांना भाड्याने देऊ' या आशेवर एकट्याने कर्ज काढणे मात्र शेतीतून व्यवसाय बदलण्यासारखे आहे, आणि तो निर्णय तसाच गांभीर्याने घ्यावा. भाड्याच्या धंद्यासाठी घेतलेल्या यंत्राबाबत ग्राहक आयोगाकडे दाद मागणेही अवघड जाऊ शकते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ व्यापारी हेतूची खरेदी वगळतो; केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून स्वतः वापरलेल्या वस्तूला तेवढी सूट आहे. बँकेने जप्त केलेली यंत्रे लिलावात 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर विकली जातात. तेथे तर नंतरच्या तक्रारीला जागाच उरत नाही.

विस्तार यंत्रणेची जबाबदारी येथे सुरू होते. नव्या ट्रॅक्टरचा चाचणी अहवाल बुदनीच्या केंद्रीय संस्थेकडून मिळतो, बियाण्याला प्रमाणपत्र असते, खताच्या पोत्यावर अन्नद्रव्यांची टक्केवारी छापलेली असते. जुन्या यंत्राच्या बाबतीत शेतकऱ्याला असा कोणताही निःपक्ष आधार नाही. आहे तो मध्यस्थाचा शब्द आणि त्याच मध्यस्थाने आणलेल्या मिस्त्रीचा होकार. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी येथील कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. कृषी विज्ञान केंद्रांच्या मदतीने त्यांनी माफक शुल्क घेऊन खरेदीपूर्व तपासणीची सेवा द्यावी आणि पाहणीचा एकपानी लेखी अहवाल शेतकऱ्याच्या हाती ठेवावा. मनुष्यबळ अपुरे आहे, हा आक्षेप येईल व तो खराही आहे. परंतु प्रत्येक यंत्र प्राध्यापकाने पाहण्याची आवश्यकता नाही. जिल्ह्यातील काही अनुभवी यांत्रिकांना प्रशिक्षण देऊन त्यांची यादी प्रसिद्ध केली, आणि तपासणी करणाऱ्याने त्या व्यवहारात दलाली घेऊ नये अशी अट घातली, तरी पुष्कळ काम होईल.

तोपर्यंत क्षेत्रीय कार्यकर्त्याने शेतकऱ्याला निदान इसाराबाबत सावध करावे. यंत्र पाहण्याआधी, भ्रमणध्वनीवरील छायाचित्रावरून, 'दुसरा ग्राहक उद्या येतो आहे' या घाईपोटी इसार पाठवला जातो, आणि एकदा पैसे अडकले की पाहणीत दिसलेले दोष डोळ्यांआड होतात. इसार द्यायचाच असेल तर तो कागदपत्रे आणि क्रमांक ताडून झाल्यावर, बँकेमार्फत, आणि बीजकांवर ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात द्यावा. पावतीवर यंत्राचा सतरा अक्षरी क्रमांक असावा, आणि तासाभराच्या चाचणीत अथवा वित्तसंस्थेच्या खातरजमेत अडचण आढळल्यास रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हेही तीवर लिहून घ्यावे. मारतहळ्ळीतील विक्रेत्याशी गावातून बोलणी करताना कानडी जाणणारा आणि व्यवहारात हितसंबंध नसलेला एखादा माणूस, सीमाभागात तो सहज मिळतो, सोबत नेणे बरे. यंत्र पूर्वी कोठे व कशावर चालले, हे विक्रेत्यापेक्षा ते चालवणाऱ्या चालकाकडून अधिक नेमके कळते, आणि तो बहुधा कानडीत, हिंदीत किंवा तेलुगूत बोलतो.